पुण्यात वाइन, जेवण आणि भटकंती : काही आगाऊ मतं

नळस्टॉपी

परवा इथल्या खरडफळ्यावर (गप्पांच्या फलकावर) कुणीतरी विचारलं, "पुण्यात चांगली वाइन कुठे मिळते?" धडाधड हॉटेलांची नावं पडली. तिथे काय खाल्लं हे मात्र एकानेही लिहिलं नाही. फळ्यावर उत्तर मावलं नसतं, म्हणून हा धागा.

मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना ताटकळायला नको. वाइन जेवणात असते, कोशिंबिरीसारखी. वाडगाभर कोशिंबीर घेऊन कुणी गच्चीत एकटं बसत नाही, आणि कोशिंबिरीच्या किमतीवरून यजमानाची पत कुणी ठरवत नाही. वाइनच्या बाबतीत पुणेकर या दोन्ही गोष्टी करतो.

म्हणून हॉटेल जोखताना मी वाइनची यादी बघत नाही. बाटली कुठून काढली ते बघतो. रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यायची हा नियम थंड देशांतल्या दगडी घरांचा, जिथली खोली १६ ते १८ अंशांवर असते. एप्रिलमध्ये लोहगावचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा त्याच नियमाने काउंटरवरून उचललेली शिराझ (एक दाट रेड) समोर आली की पहिल्या घोटाला नाकात नुसतं स्पिरिट जातं. फळ नाही, मसाला नाही, काही नाही. रेडसाठीसुद्धा बर्फाची बादली मागा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वेटर विचित्र नजरेने बघेल, बघू दे. पांढरी ८ ते १० अंशांवर, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, त्याहून थोडी गार. घरी थर्मामीटर लागत नाही: रेड पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये टाका, पांढरी फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा.

आता जेवण. 'मराठी जेवणाबरोबर वाइन जमत नाही' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मिसळ नाहीतर तांबडा रस्सा असतो. त्या दोन्हींबरोबर खरंच जमत नाही. पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल पडलं की जाळ वाढतो, आणि रेडमधलं टॅनिन, म्हणजे सालीबियांतलं तुरट द्रव्य, तर आणखी झोंबतं. कोल्हापुरी मिसळीबरोबर कुणी शिराझ सुचवली तर तो माणूस मिसळही खात नाही आणि शिराझही पीत नाही, असं समजा.

पण आपलं जेवण म्हणजे फक्त तिखट थोडंच? अळूवडी घ्या. आत चिंचगुळाचं आंबटगोड, बाहेर खमंग तळलेली. तिच्याबरोबर थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी. कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी पांढरी. त्या वाइनला जो हिरवट वास येतो तो पायराझिन जातीच्या संयुगांचा, आणि ढोबळी मिरचीच्या वासामागेही तीच मंडळी आहेत. हिरव्याला हिरवं छान भेटतं. काळ्या मसाल्यातलं मटण, मसाला भरपूर पण तिखट बेताचं, असेल तर शिराझ काढा. शिराझमधला मिऱ्यांचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, खुद्द मिऱ्यांचाही त्यानेच येतो. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे एरवी तुरट लागणारी वाइन इथे मऊ होते.

रवा लावून तळलेल्या बोंबलांबरोबर ब्रूट, म्हणजे जवळजवळ बिनगोडीची कोरडी, स्पार्कलिंग. याच्यावर मी वाद घालत नाही, ज्याला पटत नाही त्याच्या वाटणीचे बोंबील मी खातो. माशाबरोबर रेड नको. हा काही साहेबी शिष्टाचार नव्हे. रेडमध्ये असलेल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो. बांगड्याबरोबर करून बघा, माझी आठवण काढाल.

सोलकढी आणि वाइन एका वेळी नाही. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. पुरणपोळीबरोबर वाइन पोळीइतकी तरी गोड हवी, म्हणजे लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या गोड द्राक्षांची) शेनिन. आमरसाबरोबर काहीच नको.

हे करायचं कुठे? इथेच गोम आहे. अळूवडी जिथे चांगली मिळते तिथे परवाना नाही, आणि परवाना आहे तिथे अळूवडी नाही. बादशाहीसारख्या जुन्या खाणावळीत बसून कुणी शेनिन मागणार असेल तर मला आधी कळवा, मी बघायला येतो. त्यामुळे माझं निम्म्याहून जास्त वाइन पिणं घरीच होतं. बाहेर जायचं तर कोरेगाव पार्कात मलाका स्पाइस. आग्नेय आशियाच्या जेवणात नारळाचं दूध, लेमनग्रास, लिंबू आणि चिमूटभर साखर हे सगळं असतं, शेनिनला याहून चांगलं घर नाही. चीजसाठी एबीसी फार्म्स.

दुकानातून घेताना एकच बघा, बाटली उन्हातल्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी आहे की आतल्या थंड खोलीत. पांढरी घेताना लेबलवरचं वर्ष अलीकडचं हवं. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, बुचातून येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात टळतो.

आणि भटकंती. वाइन म्हटलं की पुणेकर गाडी काढून नाशिकला. नाशिकबद्दल आकस नाही, २००० नंतर या देशाला वाइन प्यायला नाशिकनेच शिकवलं. पण सुटीच्या दिवशी तिथे द्राक्षांपेक्षा सेल्फी जास्त पिकतात. मी उलटा जातो, सोलापूर रस्त्याने. पाटस ओलांडून रोटीचा घाट, ज्या घाटाने तुकोबांची पालखी बारामतीकडे जाते. त्याच रोटी गावच्या माळावर फोर सीझन्स वायनरीची द्राक्षं आणि शॅटोच्या, म्हणजे फ्रेंच गढीच्या, थाटाची इमारत. परत हमरस्त्याला लागून पुढे गेलं की भिगवण, उजनीचा फुगवटा, हिवाळ्यात डिकसळ-कुंभारगावच्या पाण्यात उभे फ्लेमिंगो आणि रस्त्याकडेला तळलेली चिलापी. अजून पुढे अकलूजकडे फ्रातेल्ली ही वायनरी. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशी तीन घरची भावंडं एकत्र आली, टस्कनीच्या पिएरो मासींनी वाइन घडवली आणि माळशिरस तालुक्यात सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष पिकलं. उसाच्या पट्ट्यात! (जाण्याआधी फोन करा. थेट जाऊन फाटकावर हुज्जत घालू नका.)

भिगवणची चिलापी आणि त्याच रस्त्यावर पिकलेली थंड पांढरी वाइन, महाराष्ट्रात इतकी दुर्लक्षित जोडी दुसरी नसेल. ढाब्यावर वाइन मिळत नाही हे मान्य. मासे बांधून घ्या आणि मुक्कामाला पोचा.

बोला आता.

बोळातला

मी चखण्यापुरता आलोय. बोंबील कुठे ठेवलेत?

ताकपिठ्या

लेखन खुसखुशीत आहे, पण पहिलाच दाखला फसवा आहे. कोशिंबिरीने कुणाचं यकृत गेल्याचं ऐकिवात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ सांगितलं की अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात वाइन आली, शॅटोची आली, रोटीच्या माळावरचीही आली. वारीच्या वाटेचा उल्लेख वाइनच्या धाग्यात बघून तर मला कसंसंच झालं. आमच्या जेवणाला ताक पुरतं, तळणीचा तेलकटपणा तेही धुऊन काढतं, आणि ते प्यायला बर्फाची बादली लागत नाही.

नळस्टॉपी

ताकपिठ्याकाका, आरोग्याच्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. 'हृदयाला चांगली असते' म्हणून वाइन पिणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे, ज्यांना औषध हवंय त्यांनी औषध घ्यावं. मी चवीसाठी पितो आणि त्याची किंमत असते हे धरून पितो. म्हणूनच म्हणतो की जेवणाबरोबर, एखाद-दोन ग्लास. नुसती प्यायला बसलं की मोजणी चुकते.

पालखीचं म्हणाल तर घाट आधीपासून आहे, गाव आधीपासून आहे. त्या माळावर द्राक्षं लावली यात घाटाचं काही बिघडलं नाही. ताकाबद्दल पूर्ण सहमत. मिसळीनंतर मीही ताकच घेतो.

कॅप्टन_टेबल_सात

बरीच वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. तुम्ही बादली मागता तेव्हा आम्हाला विचित्र वाटत नाही, आनंद होतो. पण पोरांना हे शिकवतं कोण? व्हिस्की, बिअर विकून धंदा चालतो. वाइनची यादी पुष्कळ ठिकाणी डिस्ट्रिब्युटरच छापून देतो, मालकाने ती वाचलेलीही नसते.

ग्लासची किंमत इतकी का, असं सगळे विचारतात. एका बाटलीत १५० मिलिचे पाच ग्लास. झाकण उघडलं की दोन-तीन दिवसांत वाइन चव सोडते. मंगळवारी एकाने एक ग्लास घेतला आणि पुढचं गिऱ्हाईक शुक्रवारी उगवलं तर उरलेली मोरीत, नाहीतर किचनमध्ये सॉसला. म्हणून पहिल्या-दुसऱ्या ग्लासातच बाटली वसूल होईल असा दर लावतात. त्यावर परदेशी बाटली असेल तर केंद्राची कस्टम ड्युटी १५० टक्के. ऑस्ट्रेलियाशी करार झाला तेव्हापासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, तिथल्या पाच डॉलरवरच्या बाटल्यांची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरतेय, पण मेन्यूकार्डावर ते उतरलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझा सल्ला : ग्लासने घ्यायची तर त्या हॉटेलात सगळ्यात जास्त खपणारी पांढरी घ्या, तीच ताजी असते. आणि "बाटली कधी उघडली?" असं सरळ विचारा. प्रामाणिक कॅप्टन खरं सांगतो. दुसरा गडबडतो, त्यावरूनही कळतं.

आमटीत_गूळ

कॅप्टनसाहेब, एक तक्रार तुमच्या जमातीबद्दल. ऑर्डर मी देते, यादी माझ्या हातात, आणि चव बघायला घोटभर वाइन ओततात ती माझ्या नवऱ्याच्या ग्लासात. तो बिचारा बिअरवाला. मान हलवून "छान" म्हणतो आणि माझ्याकडे बघतो.

नळस्टॉपी, तुमच्या जोड्या चांगल्या आहेत, पण सगळ्या तळणीच्या नाहीतर मटणमासळीच्या. रोजचं जेवण कुठे गेलं? आमच्या घरी आमटीत गूळ, भाजीत दाण्याचं कूट, काकडीच्या कोशिंबिरीतही चिमूटभर साखर. या जेवणाबरोबर कोरडी ठणठणीत सोव्हिन्यों घेतली की नुसती आंबट लागते. पदार्थात गोडी असली की वाइनची आंबटाई पुढे येते, फळ मागे पडतं. इथे शेनिनच हवी आणि तीही गोडसर. पण चारचौघांत गोडसर वाइन मागितली की लोक 'शिकाऊ दिसतेय' अशा नजरेने बघतात. हा आचरटपणा आपल्याकडे कुठून आला? ज्या गावात भाजीतही गूळ पडतो त्या गावाने कोरड्या वाइनचा तोरा मिरवावा?

माझ्याकडून दोन जोड्या. पांढरा रस्सा, घरचा, नारळाचं दूध आणि खसखस घालून, त्याच्याबरोबर व्हियोन्ये ही सुवासिक पांढरी. आणि मेतकूट-भात-तूप, त्याबरोबर काही नको, पण रविवारी सकाळी उरलेली स्पार्कलिंग असेल तर मी कुणाला सांगत नाही.

नळस्टॉपी

गोडसर वाइनबद्दल दोन्ही हात वर. कोरडी म्हणजे उच्च आणि गोड म्हणजे बाळबोध ही उतरंड ज्यांनी बनवली त्यांच्या ताटात गूळ नव्हता. जर्मनीतली पांढरी रीसलिंग बघा, किती उत्तम बाटल्या मुद्दाम गोडी राखून केलेल्या असतात. मेतकूट-भात आणि स्पार्कलिंग मात्र मला सुचलं नव्हतं. येत्या रविवारी.

स्टुटगार्टकर

रीसलिंगचं नाव निघालं म्हणून डोकावलो. इकडची एक गोष्ट पुण्याच्या मंडळींनी येऊन बघावी, ती म्हणजे बेझनविर्टशाफ्ट. द्राक्षवाला शेतकरी दारावर केरसुणी टांगतो. केरसुणी दिसली की समजायचं, आज घर उघडं आहे. आत त्याच्या कोठारात नाहीतर बैठकीच्या खोलीत बाकडी मांडलेली, वाइन फक्त त्याच्या मळ्यातली, जेवण घरचं: माउलटाशन (सारण भरलेले पिठाचे चौकोन), आंबवलेला कोबी, डुकराचं मांस, कांद्याचा केक. हॉटेलचा परवाना न घेता हे करता येतं, पण अटी आहेत. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि बसायला चाळीसच जागा. त्यामुळे कुणाकडे कधी केरसुणी लागणार याचं वेळापत्रक लोक पाठ ठेवतात. अनोळखी आजोबांच्या शेजारी खेटून बसावं लागतं, आणि दुसऱ्या ग्लासानंतर ते तुम्हाला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगतात.

व्हिएन्नात याचा भाऊ आहे, हॉयरिगर. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली फर्मान काढून शेतकऱ्यांना स्वतःची वाइन घरी विकायची मुभा दिली, तेव्हापासून चालू आहे. युरोपात वाइनसाठी फिरायचं तर मोठ्या नावांच्या तळघरांत तिकीट काढून रांगेत उभं राहण्यापेक्षा हे करा. खिशालाही परवडतं.

नळस्टॉपी

+१०० ! मला नेमकं हेच म्हणायचं होतं. तळघरं बघून येणारे लोक पिंपांचे फोटो दाखवतात, आणि पिंपं सगळीकडे सारखीच दिसतात. गावातली माणसं त्या वाइनबरोबर काय खातात हे बघायला मिळालं तर प्रवास वसूल. नारायणगावला, जुन्नरला असं काही का होऊ नये? द्राक्षं आहेत, जेवण आहे, पुण्याहून दोन-अडीच तास. फक्त दारावर केरसुणी नको, लक्ष्मीपूजनाला घोळ होईल.

द्राक्षमांडव

का होऊ नये ते मी सांगतो, माझी बाग त्याच पट्ट्यात आहे.

पहिलं म्हणजे, नारायणगावला हे सगळं होऊन गेलंय. शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात इथे इंडेज ही वाइन कंपनी काढली, फ्रेंच तंत्र आणलं, शँपेनच्या पद्धतीची स्पार्कलिंग केली. बाहेरच्या देशांत ती 'ओमर खय्याम' नावाने विकली जायची. नाशिकच्या सुला कंपनीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तमाशाच्या राहुट्या आणि शँपेन एकाच गावात. मग २००८ ची मंदी आली आणि पुढे कंपनी बंद पडली. त्या सुमाराला राज्यात ठिकठिकाणी लोकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. कारण साधं आहे. थॉम्पसनचा, म्हणजे खायच्या द्राक्षाचा, भाव पडला तर माल गावच्या बाजारात जातो, तिथेही नाही गेला तर बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष बारीक मण्याचं, जाड सालीचं, बीवालं. कंपनीने उचललं नाही तर ते खायला कोण घेणार?

दुसरं, कष्ट. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो आणि एकदाच छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि पीक मात्र एकदाच, जानेवारी ते मार्च. फळछाटणीनंतर अवकाळी आला की केवडा, ढगाळ राहिलं की भुरी, दोन्ही वेलीचे रोग. रात्रीतून फवारणीला पळावं लागतं. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायचा, वाइनच्याला फुगू द्यायचा नाही. साखर २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली पाहिजे आणि आंबटही शिल्लक राहिलं पाहिजे. उन्हाचा एक आठवडा लांबला की आंबट पळालंच.

तिसरं, कायदा. वायनरीचा परवाना असेल तर आवारात चाखवता येते, विकता येते. माझ्यासारखा नुसता बागायतदार घरी केलेली वाइन पाहुण्याला विकू शकत नाही. सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने घेतला, तर अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते तिथेच थांबलं. दारावर केरसुणी टांगायचं तर लांबच राहिलं. ताकपिठ्याकाका, तुमच्या बाजूचं वजन गावात जास्त आहे हे मी रोज बघतो. माझी आई अजून बागेत वाइनचं नाव काढू देत नाही.

ताकपिठ्या

तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.

पण तुमचा प्रतिसाद वाचून एक विचारावंसं वाटतं. भावाची एवढी अनिश्चितता, एवढ्या फवारण्या, तर मग वाइनचं द्राक्ष लावायचंच कशाला?

द्राक्षमांडव

मी लावलेलं नाही, काका. मित्राने लावलंय नाशिककडे, करारावर. भाव आधी ठरलेला असतो, निर्यातीच्या मालासारखं मणी मापून नाकारत नाहीत, मजुरीही कमी लागते. करार पाळणारी कंपनी असेल तर माणूस झोपू शकतो. नसेल तर वर लिहिलंय.

आमटीत_गूळ

धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी बाटलीच्या आधीचं बोललं. आभार.

तिबिलिसी_रिटर्न

भटकंतीत जॉर्जियाचं नाव कसं आलं नाही? जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, क्वेव्रीत, सालीबियांसकट आंबवलेली वाइन. पांढऱ्या द्राक्षांची असली तरी रंग मधासारखा उतरतो आणि रेडसारखा तुरटपणा येतो. २०१३ साली या पद्धतीला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. शाकाहारी मंडळींनी तर जावंच. वांग्याच्या कापांत अक्रोड-लसणाचं वाटण भरतात, राजम्यासारखा लोबिओ मातीच्या भांड्यात येतो, चीज भरलेली खाचापुरी तर आहेच. सुप्रा म्हणजे तिथली मेजवानी, तिच्यात एक तमादा असतो, तो उठून लांबलचक भाषण करतो आणि त्याचं झाल्याशिवाय कुणी ग्लासला हात लावत नाही. आपल्याकडच्या लग्नातल्या सत्कारांची सवय असल्याने मला काही जड गेलं नाही.

ती मधाळ रंगाची तुरट वाइन आणि आपली भरली वांगी, दाण्याचं कूट, थोडा गोडा मसाला. घरी करून बघितलं. लाजवाब!

जाता जाता : रेड प्यायलं की माझं डोकं धरतं. सल्फाइटमुळे का?

नळस्टॉपी

भरली वांगी आणि क्वेव्री नोंदवून घेतलं, वाखु (वाचनखूण).

सल्फाइटवर उगाच आळ येतो. पांढऱ्या वाइनमध्ये ते सहसा रेडपेक्षा जास्तच असतं, आणि सुक्या जर्दाळूत तर त्याहून कितीतरी जास्त. जर्दाळू खाऊन डोकं धरत नसेल तर दुसरीकडे बघायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये क्वर्सेटिनकडे बोट दाखवलंय. द्राक्षाच्या सालीतलं ते द्रव्य शरीरात गेलं की अल्कोहोलचा निचरा अडवतं, असा त्यांचा कयास आहे. अजून माणसांवर पुरतं सिद्ध झालेलं नाही. तोवर पाणी प्या, आणि डोकं धरत असेल तर रेड सोडा. पांढऱ्यात पुष्कळ आहे.

बोळातला

एवढं लिहिण्यापेक्षा कट्टा करा. नारायणगावला जाऊ. द्राक्षमांडव, बाग बघायला मिळेल का?

द्राक्षमांडव

जानेवारीच्या शेवटी या, तोडा चालू असतो. द्राक्षं पोटभर. वाइन माझ्याकडे मिळणार नाही आणि बागेत उघडायची नाही, आई बघते. जेवायला मासवडी आणि रस्सा करू, बाजरीची भाकरी. बाटल्या घरी परत गेल्यावर काय त्या.

आमटीत_गूळ

मासवडी! बेसनाच्या आत खोबरं, तीळ, लसूण. याच्याबरोबर काय जाईल यावर मला स्वतंत्र धागा लागेल. माझी पहिली बोली : थंड रोझे (गुलाबी वाइन). रस्सा बाजूला ठेवून.

कॅप्टन_टेबल_सात

रस्सा बाजूला ठेवून मासवडी खाणार असाल तर बोलणंच खुंटलं. मी येतो, सोमवारी सुट्टी असते. गाडीचं बघा पण. घरून निघताना घेतली किंवा परतीला कुठे थांबलात तरी १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमवर गेलं की गुन्हा आहे, आणि नाशिक रस्त्यावर तपासतात.

ताकपिठ्या

गाडी मी चालवीन, सात जण बसतात. पेट्रोल तुमचं. आणि मासवडीची दोन ताटं माझी.

नळस्टॉपी

ठरलं काका. जानेवारीचा शेवटचा सोमवार, सकाळी सातला नाशिक फाटा. २६ जानेवारी त्याच सोमवारी येत असेल तर पुढचा धरू. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच नाव टाका, व्यनि (खासगी निरोप) नको.